भागाभागांनी येणाऱ्या गेमची किंमत: आधी संपूर्ण गेमची ठरवा, मग एका भागाची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या स्टुडिओचा कथाप्रधान गेम पाच भागांत येणार आहे. पहिला भाग तयार आहे, दुसऱ्याचे काम निम्मे झाले आहे आणि उरलेले तीन अजून कागदावर आहेत. प्रत्येक भाग दीड ते दोन तासांचा असेल. प्रत्येक भाग ५ डॉलरला आणि पाचही भागांचा सीझन पास १५ डॉलरला विकावा का, आणि लोकांना गोडी लागावी म्हणून पहिला भाग मोफत द्यावा का, असे विचारले आहे. गेमच्या किमती आणि प्रकाशनाचे वेळापत्रक ठरवणे हेच माझे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

माझे मत आधी सांगतो. एका भागाला ५ डॉलर ही किंमत योग्य आहे. पासला १५ डॉलर ही किंमत कमी आहे. पण पास आजच विक्रीला ठेवणे ही त्याहून मोठी जोखीम आहे. पहिला भाग मोफत देण्याची वेळ तर अजून आलेलीच नाही.

बहुतेक स्टुडिओ किंमत ठरवताना भागाच्या लांबीपासून सुरुवात करतात: इतके तास, म्हणून इतके डॉलर, आणि असे पाच भाग, म्हणून त्याच्या पाचपट. मला ही पद्धत मुळातच उलटी वाटते. पहिला भाग घेणारा ग्राहक दोन तासांच्या खेळाचे पैसे तर देतोच, पण ही गोष्ट शेवटपर्यंत जाईल या भरवशाचेही पैसे देतो. तो भरवसा किती पक्का आहे आणि तो फोल ठरला तर नुकसान कोणाच्या खिशातून जाणार, यावर लोक किती रक्कम मोजायला तयार होतील हे ठरते. म्हणून आधी पूर्ण झालेल्या गेमची किंमत ठरवावी, मग ती भागांत वाटावी, आणि सवलत द्यायचीच असेल तर ती गेम अपुरा असताना पैसे देण्याचा धोका पत्करणाऱ्याला द्यावी.

ग्राहकांच्या मनातला संशय हवेतून आलेला नाही. मे २००६ मध्ये रिच्युअल एंटरटेनमेंट या स्टुडिओने 'सिन एपिसोड्स' या गेममालिकेचा पहिला भाग 'इमर्जन्स' प्रसिद्ध केला. योजना नऊ भागांची होती. दुसरा भाग कधीच आला नाही आणि २००७ च्या सुरुवातीला स्टुडिओच दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्याच सुमारास, १ जून २००६ रोजी, व्हॉल्व्हने 'हाफ-लाइफ २: एपिसोड वन' १९.९९ डॉलरला आणला. 'एपिसोड टू' ऑक्टोबर २००७ मध्ये 'द ऑरेंज बॉक्स' या संचातून आला आणि तिसऱ्या भागाची वाट पाहणे तेव्हापासून सुरूच राहिले. व्हॉल्व्हसारख्या भक्कम कंपनीची मालिका अपुरी राहू शकते, हे एकदा पाहिलेला ग्राहक अनोळखी स्टुडिओच्या पाच भागांच्या घोषणेकडे सावधपणेच पाहणार. तो म्हणतो, 'सगळे भाग येऊ द्या, मग घेऊ.' असे म्हणणारे पुरेसे झाले की मधल्या भागांची विक्री पडते, स्टुडिओचा हात आखडतो, आणि ज्या भीतीपोटी लोक थांबले होते तीच खरी ठरते. तुमची किंमत या चक्राच्या विरुद्ध दिशेने काम करणारी हवी.

आता हिशेब. समजा पहिला भाग १,००० जणांनी घेतला. त्यांपैकी दुसरा भाग ६०० जण घेतात, तिसरा ५००, चौथा ४५० आणि पाचवा ४२०. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, पण उताराचा आकार साधारण असाच असतो: सर्वांत मोठी गळती पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये होते आणि जे दुसऱ्यापर्यंत येतात ते बहुधा टिकतात. एकूण २,९७० भाग विकले गेले, म्हणजे ५ डॉलरप्रमाणे १४,८५० डॉलर. सुरुवात करणाऱ्या प्रत्येकामागे सरासरी १४.८५ डॉलर आले आणि स्टोअरचा नेहमीचा ३० टक्के वाटा वजा जाता सुमारे १०.४० डॉलर हाती राहिले.

तुमचा १५ डॉलरचा पास या सरासरीला जेमतेम टेकतो, आणि वरवर पाहता त्यात नुकसान नाही असे वाटते. पण पास सरासरी ग्राहक घेत नाही. जो पहिल्याच भागानंतर सोडून देणार होता तो सहसा ५ डॉलर देऊन पाहतो आणि थांबतो. पास घेणारे बहुतांशी तेच असतात जे पाचही भाग घेणार होते, म्हणजे ज्यांच्याकडून तुम्हाला २५ डॉलर मिळणार होते. त्या प्रत्येकाला तुम्ही १० डॉलर परत देत आहात. बदल्यात मिळते काय? पैसे लवकर हाती येतात आणि तो ग्राहक मध्येच विसरून जात नाही. या दोन्ही गोष्टींना मोल आहे, पण ते ४० टक्के नाही. माझ्या मते २० टक्के ही वरची मर्यादा; तुमच्या बाबतीत पास १९.९९ डॉलरच्या खाली जाऊ नये.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती पासच्या किमतीपेक्षाही महत्त्वाची आहे. स्टोअरचा वाटा गेल्यावर पहिल्या भागाने ३,५०० डॉलर दिले आणि पाचव्याने १,४७० डॉलर. खर्च मात्र असा उतरत जात नाही. खेळाडूच्या निवडींनुसार फुटणाऱ्या कथेत शेवटचा भाग सर्वांत महाग पडतो, कारण आधीच्या चार भागांतले सगळे फाटे तिथे येऊन मिळतात. प्रत्येक फाट्याचे संवाद लिहायचे, ध्वनिमुद्रित करायचे आणि त्याची चाचणी घ्यायची असते. म्हणजे सर्वांत कमी कमाईच्या भागावर सर्वांत जास्त खर्च होतो. प्रत्येक भागाचा खर्च त्याच भागाच्या विक्रीतून निघेल असे अंदाजपत्रक मांडले असेल तर ते तिसऱ्या भागाशी कोसळते. पहिल्या दोन भागांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा शेवटच्या दोन भागांसाठी बाजूला ठेवला पाहिजे, आणि तो ठेवता येईल इतकी पहिल्या भागाची किंमत असली पाहिजे. पहिला भाग एक-दोन डॉलरला विकू नका असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

किमतीची रचना कशी असते हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर २०१५ मधील 'लाइफ इज स्ट्रेंज' जवळून पाहा. पाच भाग, ३० जानेवारी ते २० ऑक्टोबर. सगळे भाग एकदम घेणाऱ्याला १९.९९ डॉलर पडत. पहिला भाग ४.९९ डॉलरला घेऊन, आवडल्यावर उरलेल्या चार भागांचा १६.९९ डॉलरचा पास घेणाऱ्याला एकूण २१.९८ डॉलर. एकेक भाग सुटा घेणाऱ्याला २४.९५ डॉलर. गेम एकच, वाटा तीन. चाखून मग ठरवणाऱ्याला दोन डॉलर जास्त पडतात. त्याने थांबण्याचा हक्क राखून ठेवला होता, त्याची ही किंमत. हे प्रमाण मला अतिशय समंजस वाटते. २०१६ च्या 'हिटमॅन'मध्ये हाच फरक पाच डॉलरचा होता: प्रस्तावना आणि पॅरिस हे पहिले शहर मिळून १४.९९ डॉलर, पुढचे प्रत्येक शहर, म्हणजे पुढचा प्रत्येक भाग, ९.९९ डॉलर, उरलेले सगळे एकत्र ४९.९९ डॉलर, आणि पूर्ण गेम ५९.९९ डॉलर. गेम म्हणून तो उत्कृष्टच होता आणि एकेका शहरात पुन्हा पुन्हा रमण्याची त्याची घडण भागांच्या प्रकाशनाला साजेशी होती, तरीही पुढचा 'हिटमॅन २' नोव्हेंबर २०१८ मध्ये एकसंध आला. 'लाइफ इज स्ट्रेंज' मालिकेतही २०२१ चा 'ट्रू कलर्स' हा गेम एकदमच प्रसिद्ध झाला. अनुभवी कंपन्यांनी हा मार्ग का सोडला याचा विचार तुम्ही जरूर करावा. भाग पाडण्यामागे केवळ पैसा लवकर यावा हे एकच कारण असेल, तर कदाचित भाग पाडूच नयेत.

पास आत्ता विकू नये असे का म्हणतो ते आता सांगतो. पासच्या विक्रीतून आलेला पैसा हे तुमचे उत्पन्न नसते. ती ग्राहकांची तुमच्याकडे असलेली ठेव असते. हिशेबाच्या नियमांतही न दिलेल्या भागांची रक्कम देणे म्हणून दाखवावी लागते आणि भाग जसजसा पोहोचता होतो तसतशी ती उत्पन्नात येते. बँकेच्या खात्यावर मात्र हा फरक दिसत नाही, आणि पगाराची तारीख आली की ती रक्कम आपलीच वाटू लागते. टेलटेल गेम्सचे उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. याच स्टुडिओने २०१२ मध्ये 'द वॉकिंग डेड'च्या पाच भागांनी ही पद्धत लोकप्रिय केली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी स्टुडिओने आपल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना कमी केले, तेव्हा त्याच मालिकेच्या चार भागांच्या अखेरच्या सीझनचा फक्त एक भाग आला होता आणि दुसरा काही दिवसांतच येणार होता. पास घेतलेल्यांनी चारही भागांचे पैसे भरले होते. विक्री थांबवावी लागली. पुढे स्कायबाउंड या कंपनीने काम हाती घेतले आणि २०१९ च्या जानेवारी आणि मार्च महिन्यांत उरलेले दोन भाग आले, म्हणून ग्राहकांना गोष्ट पूर्ण मिळाली. तुमच्या स्टुडिओला वाचवायला असे कोणी येईल हे गृहीत धरता येत नाही. तीन भाग कागदावर असताना पास विकणे म्हणजे जो खर्च तुम्हाला अजून माहीतच नाही, तो भागवण्याचे वचन ठरावीक रकमेत देणे होय.

स्टोअरचे नियमही आता याच बाजूने झुकले आहेत. स्टीम या ऑनलाइन गेम-स्टोअरवर सीझन पास विकताना त्यात कोणकोणत्या गोष्टी येणार आणि त्या साधारण केव्हा येणार हे आधी जाहीर करावे लागते. तारीख पुढे ढकलण्याला मर्यादा आहे आणि ठरलेला भाग रद्द झाला तर न मिळालेल्या भागाच्या मूल्याइतका परतावा देण्याची तयारी ठेवावी लागते. मला हे नियम जाचक वाटत नाहीत. जो स्टुडिओ ते पाळू शकत नाही त्याने पास विकू नये, इतकेच ते सांगतात.

परताव्याचा दुसरा एक नियम तुमच्या भागांच्या लांबीमुळे थेट तुमच्याशी संबंधित आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ झालेला असेल तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. तुमचा दीड तासाचा भाग पूर्ण खेळूनही ग्राहक या मुदतीत बसतो. पुढचे भाग डीएलसी म्हणून, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळे विकत घ्यायची भर म्हणून, दिले तर प्रत्येक खरेदीनंतर मूळ गेम किती वेळ खेळला गेला हे मोजले जाते, म्हणजे ती दोन तासांची खिडकी दर भागाला नव्याने उघडते. बहुसंख्य खेळाडू याचा गैरफायदा घेत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल संशय धरून गेम लांबवू तर मुळीच नये. उगाच ताणलेला भाग हा परताव्यापेक्षा मोठा तोटा आहे. पण पहिला भाग खरोखरच दीड तासाचा असेल आणि दुसराही तेवढाच, तर ते दोन्ही मिळून एकच पहिला भाग करण्याचा विचार करा. तीन तासांचा पहिला भाग ९.९९ डॉलरला विकता येतो, सर्वांत मोठी गळती जिथे होते ती फटच बुजते, आणि दुसरा भाग पूर्ण होईपर्यंत थांबल्यामुळे तुमचा कामाचा खरा वेगही तुम्हाला कळतो. तुमच्या जागी मी असतो तर हेच केले असते.

पासला पर्याय म्हणून बंडलचा, म्हणजे अनेक भाग एकत्र विकणाऱ्या संचाचा, वापर करा. स्टीमवरील 'कम्प्लीट द सेट' प्रकारच्या बंडलमध्ये ग्राहकाकडे आधीच असलेले भाग वगळले जातात आणि उरलेल्यांवर ठरलेली टक्केवारी लागू होते. समजा प्रसिद्ध झालेल्या भागांवर तुम्ही १० टक्के सवलत ठेवली. पाचही भाग एकदम घेणाऱ्याला २२.५० डॉलर पडतील. पहिला भाग ५ डॉलरला चाखून मग उरलेले चार घेणाऱ्याला २३ डॉलर. फरक अर्ध्या डॉलरचा, म्हणजे सावध ग्राहकाला शिक्षा झाल्यासारखे वाटत नाही. शिवाय बंडलमध्ये जे तयार आहे तेच विकले जाते. एक काळजी घ्या: एखाद्या भागावर वेगळी सवलत चालू असेल तर बंडलची सवलत तिच्यावर आणखी लागू होते, त्यामुळे दोन्ही एकत्र येऊन किंमत कुठे जाते हे आधी तपासा.

चौथा भाग चाचणीत आणि पाचव्याचा पूर्ण मसुदा हाती असेल तेव्हा पास जरूर काढा आणि तो १९.९९ डॉलरला ठेवा. पाचवा भाग आल्यावर पास बंद करा आणि पूर्ण गेम बंडलच्या २२.५० डॉलरलाच राहू द्या. म्हणजे गेम अपुरा असताना ज्याने विश्वास टाकला त्याला तो सर्वांत स्वस्त पडला. बाजारात बऱ्याचदा याच्या उलट घडते: शेवटचा भाग येतो आणि त्याच आठवड्यात पूर्ण संच निम्म्या किमतीला निघतो. वर्षभर भागामागून भाग पूर्ण किमतीने घेणाऱ्या ग्राहकाला त्यातून एकच धडा मिळतो, की थांबलो असतो तर बरे झाले असते. आणि तो धडा तो तुमच्या पुढच्या गेमला लावतो. पूर्ण झाल्यानंतरचे निदान सहा महिने संचाची किंमत पासच्या खाली नेऊ नका. पुढे मोठ्या सवलती द्यायला हरकत नाही, कारण कथाप्रधान गेमला पूर्ण झाल्यानंतर नवे ग्राहक मिळत राहतात आणि त्यांच्यासाठी तो भागांचा गेम उरलेलाच नसतो.

वेळापत्रकाबद्दल थोडेसे. दोन भागांमध्ये जितके जास्त महिने, तितकी तुमची ५ डॉलरची किंमत जड वाटू लागते, कारण परत येणाऱ्याला कथा पुन्हा आठवावी लागते आणि तो भरवसाही नव्याने द्यावा लागतो. 'केंटकी रूट झिरो' या पाच अंकी गेमचा पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये आला आणि पाचवा जानेवारी २०२० मध्ये. सुरुवातीलाच पूर्ण रक्कम भरून सगळे अंक घेता येत, म्हणून तसे घेणाऱ्याकडे दर अंकाला नव्याने पैसे मागण्याचा प्रसंग आला नाही, आणि इतक्या लांबलेल्या कामाला तीच एक रचना तगवू शकते. दुसऱ्या टोकाला २०२५ मधील 'डिस्पॅच' आहे. टेलटेलमध्ये पूर्वी काम केलेल्यांनी स्थापन केलेल्या ॲडहॉक स्टुडिओचा हा गेम २९.९९ डॉलर या एकाच किमतीला विक्रीला आला, आणि त्याचे आठ भाग दर आठवड्याला दोन याप्रमाणे २२ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर या काळात उघडत गेले. तिथे सुट्या भागाला किंमतच नव्हती. भाग पाडल्याने दर आठवड्याला चर्चा मिळाली, आणि ग्राहकाला धोका मात्र जवळजवळ नव्हता. तुमच्याकडे सगळे भाग पूर्ण करण्याइतका निधी असता तर मी तुम्हाला हीच रचना सुचवली असती.

तीन स्वतंत्र मोठ्या गेममध्ये सांगितलेली कथा हा वेगळा विषय आहे, पण त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. 'स्टारक्राफ्ट २'चा पहिला खंड २०१० मध्ये ५९.९९ डॉलरला आला. २०१३ चा दुसरा खंड ३९.९९ डॉलरचा होता, पण तो खेळायला पहिला जवळ असणे आवश्यक होते. म्हणजे नव्या खेळाडूला दाराशीच दोन खरेद्या कराव्या लागत. २०१५ चा तिसरा खंड त्याच ३९.९९ डॉलरला, पण स्वतंत्रपणे खेळता येईल असा दिला गेला. पुढचा भाग घेण्यासाठी आधीचे सगळे विकत घ्यावे लागत असतील, तर तुमच्या पाचव्या भागाची खरी किंमत नव्या माणसासाठी ५ नसून २५ डॉलर असते, आणि जाहिरातीवरचा खर्च ठरवताना हाच आकडा समोर ठेवला पाहिजे.

राहिला मोफत पहिल्या भागाचा प्रश्न. ही कल्पना जुनी आहे आणि तिने मोठे यश पाहिले आहे. अपोजी या गेम-कंपनीने १९८७ च्या सुमारास सुरू केलेल्या पद्धतीत पहिला भाग शेअरवेअर म्हणून फुकट वाटला जाई आणि पुढचे भाग विकत घ्यावे लागत. डिसेंबर १९९३ च्या 'डूम'चा पहिला भाग असाच लोकांच्या हाती पोहोचला. पण 'डूम'चे उरलेले दोन भाग तेव्हाच तयार होते. ज्याला पहिला आवडला तो त्याच दिवशी मागणी नोंदवू शकत होता. 'लाइफ इज स्ट्रेंज'चा पहिला भागही मोफत झाला, पण जुलै २०१६ मध्ये, म्हणजे पाचही भाग येऊन नऊ महिने झाल्यावर. गेमनिर्माता टोबी फॉक्सने आपल्या 'डेल्टारून' या गेमचे पहिले दोन अध्याय २०१८ आणि २०२१ मध्ये फुकट दिले आणि जून २०२५ मध्ये चार अध्याय झाल्यावरच २४.९९ डॉलर ही किंमत लावली, पुढचे अध्याय त्यातच धरून. इतकी वर्षे पैसे न घेता काम चालवण्याला त्याच्या आधीच्या 'अंडरटेल' या गेमच्या यशाचा आधार होता. तुमच्याकडे तसा आधार नाही आणि विकायला पुढचा भागही तयार नाही. आज पहिला भाग फुकट दिलात तर त्याने जमवलेल्या उत्सुकतेला कुठे जायचे तेच कळणार नाही, आणि शेवटच्या भागांसाठी जो पैसा बाजूला ठेवायचा आहे त्याचा सर्वांत मोठा स्रोतही बंद होईल. त्याऐवजी पहिल्या वीस मिनिटांचा डेमो द्या, आणि त्यातली जतन केलेली प्रगती विकतच्या भागात पुढे चालेल अशी सोय करा. पाचवा भाग येऊन अर्धे वर्ष उलटले, सुटी विक्री मंदावली आणि बंडलला नवे ग्राहक हवे झाले, की त्या दिवशी पहिला भाग कायमचा मोफत करा.